अप्पर-डिप्पर

पहाटे 5.30

धुक्यात जिंतूरकडून येणारी पहिली गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. शेकोटीजवळ बसलेले अण्णा मान वर न करता सांगतात, "एसटी हाय. ट्रक न्हाई." सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेल्या माणसाशी यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी स्वेटरवर शाल गुंडाळते, वही घेते आणि स्टँडवर जाते.

बाहेरच्या लोकांना चारठाणा माहीत असतं ते बारवेमुळे, यादवकाळातल्या देवळांमुळे आणि त्या उंच दगडी स्तंभामुळे. मला या सुट्टीत हवा आहे तो जिंतूर-मंठा-जालना रस्ता. वाहनांच्या बिनतारी जाळ्यातलं सहकार्य आणि त्याचं गेम थिअरीतलं मॉडेल, असा माझ्या पीएचडीचा विषय. तो सांगितला की समोरचा माणूस विषय बदलतो, म्हणून मी असा सांगते: प्रत्येक गाडीत एक रेडिओ बसवला आहे असं समजा. तो सेकंदाला साधारण दहा वेळा ओरडतो, मी इथे आहे, या दिशेला चालले आहे, इतक्या वेगात आहे. मधे टॉवर नाही, सिमकार्ड नाही. मोकळ्या रानात हा आवाज तीनशे मीटरवर सहज पोचतो. त्यापलीकडे न्यायचा तर मधल्या गाडीने तो ऐकून पुढे सांगायला हवा. आणि प्रश्न तिथेच आहे. मधल्या गाडीने दुसऱ्याचा निरोप का पोचवायचा?

इथल्या एकाही गाडीत असा रेडिओ मी पाहिलेला नाही. तरी मी इथे येऊन बसते, कारण निरोप पुढे देण्याचं काम या रस्त्यावर हेडलाइटने कधीपासून चाललेलं आहे. पुढे आरटीओ उभा आहे, पुढे म्हशी रस्त्यात आहेत, पुढे झाड पडलंय, हे सगळं भर दिवसा समोरून येणाऱ्याला दोनदा लाईट मारून कळवलं जातं. पैसे कोणी मागत नाही.

एक बाई कापडात बांधलेला डबा घेऊन आल्या आहेत. मुलगा जिंतूरला शिकायला असतो. मंठ्याकडून गाडी येते, डबा कंडक्टरच्या हातात जातो, "पोरगं स्टँडवर येऊन थांबल" एवढंच सांगून बाई परत फिरतात. माझ्या विषयात याला साठवा, वाहा आणि पुढे द्या म्हणतात. शेजारी गाडीच नसेल तर निरोप स्वतःजवळ ठेवून घ्यायचा आणि भेटेल त्याला द्यायचा. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात डाकनेट नावाच्या प्रकल्पाने हेच बसवर वाय-फाय यंत्र बसवून केलं होतं. बस गावात आली की जमिनीच्या नोंदींची मागणी उचलायची, तालुक्याला पोचली की उत्तर घ्यायचं. त्यावरचा लेख 2004 साली छापून आला. डबा त्याच्या कितीतरी आधीपासून पोचतो आहे.

सकाळी 7.15

चहा आणि वही. मी गाड्यांचे पूर्ण नंबर लिहीत नाही. पासिंग लिहिते, गाडीचा प्रकार लिहिते आणि शेवटचे दोन आकडे. तीच गाडी उद्या परत आली तर ओळखता येते आणि वही कोणाच्या हाती पडली तर मालक सापडत नाही. हा काटेकोरपणा अण्णांना गंमत वाटते. "गाडी वळखायला नंबर कामून लागतो? हॉर्न ऐक की."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. मुंबईच्या आयआयटीत रिजुरेखा सेन आणि भास्करन रामन यांच्या गटाने 2010 साली नेमके हॉर्न ऐकले होते. रस्त्याकडेला मायक्रोफोन लावायचे, गाडी जवळ येताना आणि दूर जाताना हॉर्नचा सूर किती बदलतो ते मोजायचं आणि त्यावरून वाहतूक धावते आहे की तुंबली आहे ते ठरवायचं. परदेशातली पद्धत शिस्तीत, लेनमधून जाणाऱ्या गाड्या गृहीत धरते. आपल्याकडे लेन नाही, हॉर्न मात्र आहे. शोधनिबंधाचं नावही त्यांनी 'हॉर्न ओके प्लीज' असंच ठेवलं. विषय इथल्या रस्त्याच्या अंगाने कसा धरायचा, हे मी त्या निबंधातून शिकले.

सकाळी 9.00

लॅपटॉप. ओपनस्ट्रीटमॅपवरून जिंतूर ते मंठा तुकडा उतरवून घेतला आहे. तो सुमो नावाच्या जर्मन प्रणालीत घालायचा. गाड्या धावतात त्या सुमोमध्ये, रेडिओ बोलतो ओम्नेटमध्ये आणि दोघांची गाठ घालून देतं व्हेन्स. नकाशा रूपांतरित करताना डाव्या बाजूने वाहतूक असा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर चारठाण्यात सगळे उजवीकडून गाड्या चालवू लागतात. दुचाकी ट्रॅक्टरच्या बगलेतून निघावी म्हणून लेनचे आडवे बारीक पट्टेही करावे लागतात. रस्त्यावर वाळत घातलेल्या पिकाला कुठलाच पर्याय नाही. त्या ठिकाणी मी अर्धा रस्ता बंद असं लिहून देते.

आता खेळ. एका गाडीने दुसरीचा निरोप पुढे दिला तर देणाऱ्याला थोडा खर्च आणि घेणाऱ्याला बराच फायदा. पूर्वीच्या संशोधनात हा खर्च म्हणजे बॅटरी असे, कारण तेव्हा जाळं हातातल्या यंत्रांचं होतं. गाडीला इंजिन आहे, तिला विजेची चणचण नाही. तिचा खर्च म्हणजे हवेतला वेळ. एक बोलत असताना आसपासच्या बाकीच्यांना गप्प बसावं लागतं आणि बोलायला जागाही अपुरी आहे. अमेरिकेने 1999 मध्ये या कामासाठी 5.9 गिगाहर्ट्झच्या आसपास 75 मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला होता. 2020 मध्ये त्यातले 45 काढून घेतले.

खर्च 1 आणि फायदा 3 धरू. एकदाच भेटणार असू तर दोघांचंही शहाणपण गप्प बसण्यात. दोघेही तोट्यात राहतात आणि एकट्याने वागणं बदलून कोणाचाच लाभ होत नाही. हाच तो नॅशचा समतोल. पुन्हा भेटण्याची शक्यता मात्र खर्च भागिले फायदा यापेक्षा, म्हणजे इथे एक तृतीयांशापेक्षा, जास्त असेल तर चित्र उलटतं आणि 'जशास तसे' वागणारे दोघे टिकून राहू शकतात. रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी संगणकावर भरवलेल्या स्पर्धांत अॅनातोल रापोपोर्ट यांची हीच चार ओळींची युक्ती जिंकली होती. पहिल्यांदा सहकार्य, मग समोरचा वागेल तसं.

रस्त्यावर तिची एक अडचण होते. रेडिओत निरोप हरवतात. मी पुढे दिला पण मधे दुसरीच गाडी बोलली आणि तो विरून गेला, तर तुम्हाला वाटतं मी दिलाच नाही. 2000 साली स्टॅनफर्डच्या गटाने शेजाऱ्यावर नजर ठेवणारा पहारेकरी सुचवला होता. 40 टक्के यंत्रं कामचुकार असतानाही जाळ्यातून जाणारा माल त्याने 17 टक्क्यांनी वाढला. पण अशा टकरींमुळे पहारेकरी फसू शकतो हे त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं आहे. दोघेही कडक 'जशास तसे' वागणारे असतील आणि अधूनमधून अशी चूक होत असेल, तर पुरेशा लांब काळात सहकार्य निम्म्यावर येतं. चूक कितीही क्वचित होवो. सूड उलटून येत राहतो, कोणी सुरू केला हे कोणालाच आठवत नाही. भावकीच्या बांधाची आठवण व्हावी असं हे गणित आहे.

त्यावरचा उतारा नोवाक आणि सिगमंड यांनी 1992 मध्ये दिला: कधीकधी सोडून द्या. किती वेळा, तर आपल्या आकड्यांत तीनपैकी दोनदा. त्याहून उदार झालात तर फुकटे माजतात. विक्रम श्रीनिवासन, पवन नुग्गेहळ्ळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ही उदारता बिनतारी जाळ्यात आणून दाखवली. मी आज तीच या रस्त्यावर सोडते आहे.

सकाळी 11.40

लाईट गेली. लॅपटॉपला अजून दम आहे, राउटरला नाही.

दुपारी 12.30

ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा. आई विचारते, "तुझ्या गाड्या बोलायल्या का?" मी म्हणते, बोलतात, पण अडून बसतात. आईला वाटतं मी घरातल्या कोणाबद्दल बोलते आहे.

दुपारी 2.00

वाचनाची वेळ. गेले काही दिवस मी ज्या दगडावर अडकले आहे तो असा.

सहकार्य टिकायला दोन वाटा आहेत. एक सांगून झाली, परत भेट. दुसरी कीर्ती. मी तुम्हाला कधी भेटले नसले तरी तुम्ही कसे वागता हे मला कुठून तरी कळलेलं असतं. त्याचीही अट त्याच साच्यातली: समोरच्याची कीर्ती माहीत असण्याची शक्यता खर्च भागिले फायदा याहून जास्त हवी. दोन्ही वाटांना एकच गोष्ट लागते. कालची गाडी आज ओळखता आली पाहिजे.

आणि गाड्यांच्या रेडिओंना ओळख देणाऱ्या प्रमाणपत्रांच्या व्यवस्था नेमकं हेच होऊ देत नाहीत. कारण रास्त आहे. सेकंदाला दहा वेळा स्वतःची जागा ओरडणारी गाडी एकाच नावाने ओरडत राहिली, तर रस्त्याकडेला डबडं लावून बसलेला कोणीही तिचा माग काढू शकतो. डॉक्टरकडे किती वेळा गेली, कोणाच्या दारात रात्रभर उभी होती. म्हणून गाडीला टोपणनावं देतात. अमेरिकेतल्या रचनेत आठवड्याला 20 प्रमाणपत्रं आणि ती पाचेक मिनिटांनी बदलायची. पाच मिनिटांनी गाडी नवी होते. तिच्या नावावर उपकार नाहीत आणि उधारीही नाही.

शोधनिबंधांतलं नेहमीचं उत्तर म्हणजे बँक उघडा. लेव्हेंटे बुत्यान आणि जाँ-पिएर उबो यांनी नगलेट नावाचं आभासी नाणं सुचवलं होतं, दुसऱ्याचं पोचवलं की नाणं मिळतं, आपलं पाठवलं की खर्च होतं. कागदावर देखणं आहे. पण नाणी खोटी पाडता येऊ नयेत म्हणून गाडीत कुलूपबंद यंत्र हवं, आणि आड रस्त्याने ये-जा करणाऱ्या गाडीकडून निरोप जाणार तरी किती? ती बिचारी कंगालच राहणार. बँकेला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी. गर्दीच्या शहरात सुचलेला उपाय आहे तो.

दुपारी 4.15

स्टँडच्या टपरीवर जीपवाले सवारीची वाट बघत असतात. मी त्यांना गेम थिअरी सांगत नाही, चहा सांगते.

"आरटीओ उभा असला तर लाईट कोणाला मारता?"

"सगळ्यांला."

"खरंच सगळ्यांना?"

मग जरा हसतात. हळूहळू निघतं ते असं. बावीसला नक्की मारतात. एकवीसलाही. परभणी आणि जालना, म्हणजे याच रस्त्यावरची गाडी. एसटीला मारतात, तिला आरटीओचं भय असो वा नसो, कारण एसटी पुढे दहा जणांना सांगते. लांबच्या पासिंगच्या कंटेनरला बहुतेक वेळा मारत नाहीत. "त्याला आपला इशारा कळत बी न्हाई, आन् तो परत येनार बी न्हाई." रस्त्यात जनावर असेल तर? तेव्हा मात्र कोणीही असो. "मानूस मरंल ना ताई."

वहीत मी दोन गोष्टी लिहिते. ड्रायव्हर नंबरप्लेट पूर्ण वाचतच नाहीत, सुरुवातीची जिल्ह्याची दोन अंकी खूण वाचतात. हा कोण, यापेक्षा हा आपल्यातला का, एवढंच त्यांना पुरतं. डेव्हिड चॉम आणि युजीन व्हान हेस्ट यांनी 1991 मध्ये समूह-स्वाक्षरी मांडली ती याच कामाची: मी या गटाचा सदस्य आहे हे सिद्ध होतं, सदस्यांपैकी कोणता ते झाकलेलं राहतं. टोपणनाव पाच मिनिटांनी बदलू द्या, गटाची खूण कायम ठेवा. कीर्ती गाडीची न ठेवता रस्त्याची ठेवा.

दुसरी गोष्ट मला खुपते. गटाची खूण म्हणजे परक्याला दार बंद. हा रस्ता ज्याला पाठ नाही तोच कंटेनर, आणि इशारा मिळत नाही तोही त्यालाच.

सायंकाळी 6.00

शिकवणाऱ्या मित्राचा फोन, समृद्धीवरून. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, जून 2025 पासून पूर्ण खुला. तिथे कोणी कोणाला लाईट मारत नाही म्हणतो, दोन दिशांच्या मधे एवढं अंतर आहे. आणि कारची मर्यादा ताशी 120.

रात्री 8.00

अण्णांना जिंतूरला सोयऱ्याकडे जायचं आहे. मी चालवते, ते शेजारी. थंडीतला काळोख, रस्त्याला दिवे नाहीत, मधे एक ट्रॉली मागच्या लाल दिव्याशिवाय. देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. तो आकडा शोधनिबंधांच्या पहिल्या परिच्छेदात घालायची आमच्यात रीत आहे. ट्रॉली अचानक समोर आली की तो परिच्छेद वेगळा वाचता येतो.

समोरून अप्पर येतो. डोळ्यांपुढे पांढरं. मी पण अप्परच ठेवते.

"खाली कर," अण्णा म्हणतात.

"त्याने केला का?"

"आधी आपन करून दाखवायचा. त्यानं केला तर झालं. न्हाई केला तर एकदा वर मारायचा, कळतं त्याला. आन् परत खाली करून बघायचा. गाडी जवळ येईस्तोवर दोन-तीनदा जमतं."

मी करून बघते. खाली. तो तसाच. वर. खाली. त्याचा अप्पर पडतो. दोघांनाही डांबर दिसतं. कुठल्या जिल्ह्याचं पासिंग होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आपण डिप्पर केला आणि समोरच्याने नाही, तर आपण आंधळे. दोघांनी केला तर दोघांना दिसतं. सगळ्या पुस्तकांतला खेळ हाच. मी दिवसभर परत भेट म्हणजे उद्याची भेट असं धरून चालले होते. पण अंधारात दोन अनोळखी ड्रायव्हर एकाच भेटीत चार-पाच डाव खेळतात. अण्णांनी सांगितलेली रीत म्हणजे 1992 चा उतारा: आधी सहकार्य, मग फटका, मग माफी.

जिंतूरला सोयऱ्यांच्या ओसरीवर बसून मोबाईलवर हिशोब केला. दोन गाड्या समोरासमोर, प्रत्येकी ताशी 60. मिळून 120, म्हणजे सेकंदाला सुमारे 33 मीटर. तीनशे मीटर अलीकडे ऐकू येऊ लागणार, तीनशे मीटर पलीकडे बंद होणार. सहाशे मीटर, 18 सेकंद, सेकंदाला दहा या दराने 180 निरोप. समृद्धीवर दोघेही 120 ने असले तरी 9 सेकंद आणि 90 निरोप. एवढे डाव पुष्कळ झाले. आणि टोपणनाव पाच मिनिटांनी बदलतं. 18 सेकंदांत ते बदलण्याचा प्रसंग क्वचितच. भेटीपुरती ओळख टिकते, भेटीनंतर पुसली जाते. दुपारचा दगड निदान समोरासमोरच्या गाड्यांपुरता बाजूला सरकतो.

शिवाय समोरासमोरचा सौदा बरोबरीचा असतो. मी ज्या रस्त्याने जाणार तो समोरचा नुकताच ओलांडून आला आहे, आणि माझ्या मागच्या रस्त्याची खबर त्याला हवी आहे. मग निरोपाचे तुकडे करायचे. एक तुकडा मी द्यायचा, एक त्याने. नाही दिला तर थांबायचं, अधूनमधून सोडून द्यायचं. बिटटॉरेंटने फाइलींची देवाणघेवाण याच तत्त्वावर उभी केली, ब्रॅम कोहेन यांनी 2003 मध्ये ते लिहून ठेवलं आहे. एकच त्रुटी: शेवटचा तुकडा देणारा फसू शकतो, कारण त्यानंतर डाव नाही. पण फसला तरी एका तुकड्यापुरता.

रात्री 10.30

घरी. लाईट आहे. मार्गदर्शकांना मेल: समूह-स्वाक्षरी एकाच दिशेने बराच वेळ बरोबर चालणाऱ्या गाड्यांसाठी ठेवावी, समोरासमोरच्यांसाठी तुकड्यांचा खेळ. आणि सेकंदाला दहा वेळा जाणारा सुरक्षेचा निरोप यातून पूर्ण बाहेर. जनावर रस्त्यात असेल तर पासिंग बघायचं नाही. टपरीवर हे आधीच ठरलेलं आहे, मॉडेलने त्यात हात घालू नये.

मार्गदर्शक रात्री जागेच असतात. उत्तर एका ओळीचं येतं: पहिला तुकडा कोण देणार? दोघेही वाट बघत बसले तर 18 सेकंद वाया.

मी अण्णांना विचारते.

"चढावरच्याला वाट द्यायची, उतरनाऱ्यानं थांबायचं," ते कूस बदलत म्हणतात. "आन् सपाटीला ज्याला आधी दिसलं त्यानं."

सपाटीवर दोघांनाही एकाच क्षणी ऐकू येतं. मी लिहून पाठवते की ज्याचं टोपणनाव आकड्याने लहान, त्याने आधी द्यायचा. नावं बदलत राहतात, म्हणून पहिलेपणाचा भार कोणा एकावर कायमचा पडणार नाही. मग ताशी 40, 60, 80 आणि 120 असे चार वेग फाइलीत टाकते, प्रत्येकाला निरोप हरवण्याचे वेगवेगळे दर जोडते आणि रात्रभराची बॅच लावून देते. चार्जर इन्व्हर्टरच्या प्लगला.

"उद्या पहिल्या गाडीला उठवू का?" अण्णा विचारतात.

"उठवा. एसटी आहे का ट्रक तेही सांगा."